मंगळवार, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद

‘वाय-टू-के म्हणजे नुसता बागुलबुवा होता. ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री काय झालं? काही नाही.’ नाशिकमध्ये सातपूरच्या मेंटेनन्स रूमपासून गंगापूर रोडवरच्या सोसायटीच्या ग्रुपपर्यंत हे कुठेही ऐकायला मिळतं. वाय-टू-के म्हणजे साल दोनच आकड्यांत साठवल्यामुळे २००० लागताच कॉम्प्युटर चुकतील ही भीती. हल्ली २०३८ चा, म्हणजे त्या साली कॉम्प्युटरची घड्याळं पुन्हा चुकण्याचा, विषय निघाला की तेच तोंडावर फेकलं जातं. धरणातून पाणी टप्प्याटप्प्याने सोडलं म्हणून पूर गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेवर थांबला, आणि दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले ‘पुराचा उगाच बोभाटा केला’, तशातली ही गत.

मुळात आपणही सालं दोनच आकड्यांत बोलतो. बहात्तरचा दुष्काळ म्हटलं की १९७२ हे कुणाला सांगावं लागत नाही. कॉम्प्युटरला मात्र सांगावं लागतं. भोकं पाडून माहिती नोंदवायच्या ८० रकान्यांच्या पंच कार्डावर एकेका अक्षराची जागा मोलाची, म्हणून कोबॉल या जुन्या भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी ‘१९’ गाळलं. मेमरीच्या तेव्हाच्या किमती पाहता तो निर्णय शहाणपणाचाच होता. फसगत झाली ती पुढे, कारण तेच प्रोग्राम तीस वर्षं चालत राहिले. १९६५ साली जन्मलेल्याचं वय २००० मध्ये काढायचं तर ०० वजा ६५, म्हणजे उणे ६५. फील्डमध्ये उणे चिन्हाला जागा नसेल तर नुसते ६५ उरतात आणि पस्तिशीचा माणूस कागदोपत्री निवृत्तीच्या पलीकडे जातो.

हे निस्तरायला जगाला ३०० ते ६०० अब्ज डॉलर लागतील असा गार्टनर या सल्लागार कंपनीचा अंदाज होता. आपल्याकडच्या सॉफ्टवेअर कंपन्यांना परदेशी कामाची मोठी दारं उघडली ती याच कंटाळवाण्या हमालीने. लाखो ओळी वाचायच्या, तारखेचं प्रत्येक फील्ड हुडकायचं, बदलायचं, पुन्हा तपासायचं. जे हुडकायचं राहिलं ते पडलंच. अमेरिकेच्या नेव्हल ऑब्झर्व्हेटरीचं काम देशाची अधिकृत वेळ राखायचं, आणि त्यांच्याच संकेतस्थळावर साल आलं १९१००. ‘१९०० पासून किती वर्षं झाली’ याचं उत्तर ९९ वरून १०० झालं आणि प्रोग्रामने त्यापुढे सवयीने ‘१९’ चिकटवलं. हा झाला हसण्यावारी न्यायचा प्रकार. इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या पॅथॉलॉजी कॉम्प्युटरने गरोदर बायकांची वयं चुकीची धरली, त्यामुळे डाउन सिंड्रोमच्या तपासणीत १५४ जणींना चुकीचे धोक्याचे आकडे कळवले गेले. ही चूक जानेवारीत नाही, मे महिन्यात लक्षात आली. तारखेच्या चुका बहुतेक वेळा अशाच असतात. फटाका फुटत नाही, चुकीचं उत्तर गुपचूप छापून येतं.

दोन आकड्यांचं साल अजून मेलेलं नाही, ते आधी सांगतो. १९९९ मध्ये सगळीकडे चार आकडी साल करायला वेळ नव्हता, म्हणून बऱ्याच ठिकाणी सीमारेषा आखली गेली: अमुक आकड्याच्या खाली असेल तर २० लावा, वर असेल तर १९. एक्सेलमध्ये वर्षानुवर्षं ही रेषा २९ वर होती. म्हणजे १५/८/२९ टाकलं तर २०२९ आणि १५/८/३० टाकलं तर १९३०. नव्या विंडोजमध्ये ती २०४९ पर्यंत सरकली आहे, पण ऑफिसातल्या पाच कॉम्प्युटरपैकी दोन जुने असतील तर एकच तारीख टाइप केली की दोन वेगळी वर्षं मिळतील. एका सेलमध्ये १/१/३० टाका आणि साल पूर्ण दिसेल असा फॉरमॅट लावा. एका मिनिटाचं काम आहे. १९३० दिसलं तर कंट्रोल पॅनलमधल्या रीजन सेटिंगमध्ये तारखेच्या टॅबवर ही रेषा बदलता येते. पण त्याहून चांगलं म्हणजे साल चार आकडी टाइप करायची शिस्त लावणं.

आता २०३८. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या घराण्यातली सगळी सॉफ्टवेअरं वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून उलटलेल्या सेकंदांत. हा आकडा ३२ बिटांच्या, चिन्ह सांभाळणाऱ्या डब्यात ठेवला तर त्यात जास्तीत जास्त २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ मावतात. ते भरतात १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात मंगळवारी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला आकडा उणे होतो आणि तारीख १९०१ च्या डिसेंबरात जाऊन पडते. जुन्या स्कूटरच्या किलोमीटरचा आकडा ९९,९९९ नंतर शून्यावर यायचा, तोच प्रकार, फक्त इथे काटा शून्याच्याही मागे जातो. २०२७ चा सिंहस्थ झाला की त्यापुढचा यायच्या आत ही सकाळ येऊन जाते.

‘तेव्हाचं तेव्हा बघू’ म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मे २००६ मध्ये एओएलसर्व्हर या वेब सर्व्हरची इन्स्टॉलेशनं ठिकठिकाणी कोलमडली. डेटाबेसची विनंती कधीच टाइमआउट होऊ नये म्हणून मुदत घातली होती १०० कोटी सेकंद. ‘आत्ता अधिक १०० कोटी’ ही बेरीज त्या महिन्यात २०३८ ची रेषा ओलांडून गेली. रोग २०३८ चा, रोगी ३२ वर्षं आधी आडवा. १ जानेवारी २०२२ ला मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज या मेल सर्व्हरचे मेल अडकले तेही याच ३२ बिटांच्या डब्यामुळे: तारखेवरून बनवलेला २२०१०१०००१ हा आवृत्ती क्रमांक त्यात मावला नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की ज्यांचं सॉफ्टवेअर पुढच्या तारखा काढतं त्यांचं २०३८ कधीच सुरू झालं आहे. वीस वर्षांचं गृहकर्ज २०१८ पासूनच ही रेषा ओलांडतंय. सुकन्या समृद्धीचं खातं २१ वर्षांचं, म्हणजे २०१७ मध्ये उघडलेलं २०३८ मध्ये पिकतं. पीपीएफचं खातं २०२२-२३ मध्ये उघडलं असेल तर पंधरा वर्षं धरून तेही तिथेच पोचतं. द्राक्षाच्या पेटीवर २०३८ ची तारीख पडायला अजून वेळ आहे, पॅकहाउसवाल्यांनी निवांत राहावं.

यात गंमत अशी की जुनं सॉफ्टवेअर धोक्याचं आणि नवं सुरक्षित असा हिशोब लागत नाही. एखाद्या पतसंस्थेत अजून फॉक्सप्रो हे जुनं डेटाबेस सॉफ्टवेअर चालत असेल तर त्याच्या डीबीएफ फाइलमध्ये तारीख आठ अक्षरांत, साल चार आकडी अशी साठवलेली असते. ती २०३८ ला हूं की चूं करणार नाही. तिथे फक्त ‘सेट सेंच्युरी ऑन’ आहे का आणि रोलओव्हरचं (शतक बदलायच्या रेषेचं) साल काय ठेवलंय एवढं बघा. व्हीबी ६ ची (व्हिज्युअल बेसिकची) तारीखही ९९९९ पर्यंत जाते. याउलट दहा वर्षांपूर्वी पीएचपी ही वेबची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून चकाचक बनवलेलं सॉफ्टवेअर अडकू शकतं, कारण मायएसक्यूएलचा टाइमस्टॅम्प हा कॉलम नेमका त्या सेकंदापर्यंतच जातो. त्यापुढची तारीख टाकली तर स्ट्रिक्ट (चुकीची नोंद नाकारणाऱ्या) मोडमध्ये एरर येते आणि स्ट्रिक्ट बंद असेल तर सगळी शून्यं साठवली जातात. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण कुणाला कळत नाही. ३२ बिटांच्या पीएचपीवर अशी तारीख वाचताच येत नाही, आणि छापून येतं ०१/०१/१९७०. सोबत वेळ पहाटे साडेपाचची असेल तर खूणगाठच बांधा: ग्रिनिचची मध्यरात्र अधिक आपले साडेपाच तास, म्हणजे कुठेतरी तारखेच्या जागी शून्य आलंय.

दुरुस्ती अवघड नाही, फक्त घाईची नाही. टाइमस्टॅम्प कॉलमचा डेटटाइम या प्रकारचा कॉलम करायचा. पण टाइमस्टॅम्प आत ग्रिनिच वेळ ठेवतो आणि दाखवताना सेशनच्या, म्हणजे डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीच्या, टाइमझोनमध्ये बदलतो. डेटटाइम जे दिलं ते जसंच्या तसं ठेवतो. म्हणून बदल करताना सेशनचा टाइमझोन काय आहे ते आधी ठरवा, नाहीतर सगळ्या नोंदी साडेपाच तासांनी सरकतील आणि रात्रीच्या पाळीची हजेरी दुपारी दिसेल. सेकंद साध्या इंट (३२ बिटी) कॉलममध्ये साठवले असतील तर तो बिगइंट (६४ बिटी) करा. मोठ्या टेबलवर हे करताना टेबल लॉक होऊ शकतं, तेव्हा आधी कॉपीवर करून किती वेळ लागतो ते मोजा. कॉलम बदलल्यावर कोडही वाचा. ६४ बिटांचा आकडा वाटेत कुणीतरी इंटमध्ये कोंबलेला असतो आणि तो डेटाबेस बघून सापडत नाही.

फोन आणि लॅपटॉपची काळजी करू नका. ते आता बहुतेक ६४ बिटी आहेत, आणि २०३८ पर्यंत तुमच्या हातात असणारही नाहीत. लिनक्सने ३२ बिटी प्रोसेसरसाठीची सोय २०२० मध्ये, ५.६ या कर्नेलमध्ये (कर्नेल म्हणजे सिस्टिमचा गाभा) पूर्ण केली. पण कर्नेल नवा असून भागत नाही, वरची लायब्ररी आणि प्रोग्रामही नव्याने कंपाइल व्हावे लागतात, आणि घोडं तिथेच पेंड खातं. डिस्कचं फॉरमॅटिंगही बघायला हवं: लिनक्सच्या ईएक्सटी४ या फॉरमॅटमध्ये आयनोड, म्हणजे फाइलची माहिती ठेवणारी नोंद, १२८ बाइटचा असेल तर फाइलच्या तारखा २०३८ लाच थांबतात, २५६ बाइटचा असेल तर २४४६ पर्यंत जातात.

खरी काळजी सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या शॉपफ्लोअरवर आहे. कॉम्प्युटर पाच-सात वर्षांत बदलतो, मशीनचं कंट्रोल वीस-पंचवीस वर्षं चालतं. पॅनलमध्ये काय आहे त्यावर सगळं ठरतं. सीमेन्सच्या पीएलसीमधला (पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा औद्योगिक कॉम्प्युटर) डेट-अँड-टाइम हा जुना प्रकार साल दोन आकडी ठेवतो, पण ९० च्या खालचं २०००च्या शतकातलं धरतो, म्हणजे २०८९ पर्यंत निभावतं. कोडेसिस या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या पीएलसीत तेच सेकंद चिन्हाशिवाय मोजले असतील तर २१०६ पर्यंत. मशीनवर विंडोज एक्सपी चालत असेल तर तारखेपुरतं तरी एक्सपीचं काही बिघडत नाही. पण त्यावरचं सॉफ्टवेअर व्हिज्युअल सी++ ६ मध्ये लिहिलेलं असेल तर त्यातली वेळ ३२ बिटी असते. व्हिज्युअल स्टुडिओ २००५ पासून ती आपोआप ६४ बिटी झाली. डेटा लॉगर, कोल्ड स्टोरेजचे तापमान रेकॉर्डर, ठिबकचे कंट्रोलर यांत डीएस१३०७ सारखी घड्याळाची चिप असते. ती साल ०० ते ९९ ठेवते आणि लीप वर्ष २१०० पर्यंत बरोबर काढते. चिपचा दोष नसतो, तिच्याकडून तारीख घेऊन सेकंद बनवणाऱ्या प्रोग्रामचा असतो. ईएसपी३२ या कंट्रोलर चिपवर काही बनवलं असेल तर तिच्या ईएसपी-आयडीएफ या प्रोग्रामिंग साधनाच्या आवृत्ती ५ पासून वेळ ६४ बिटी आहे, त्याआधीची असेल तर नव्याने बिल्ड करा. आणि रोजच्या व्यवहारात तारीख बिघडते ती यातल्या कशानेही नाही, सीआर२०३२ ची नाणेबॅटरी संपल्याने. ती आधी बदला.

चाचणीची पद्धत नीट वाचा, कारण नुकसान इथेच होतं. चालू मशीनवर नुसती तारीख पुढे करून बघायची नाही. आधी पॅरामीटर आणि प्रोग्रामचा पूर्ण बॅकअप, तोही मशीनबाहेर. मग नेटवर्कची वायर काढा, नाहीतर टाइम सर्व्हर मिनिटभरात तारीख परत आणेल किंवा तुमची चुकीची वेळ ईआरपीत (कंपनीच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरमध्ये) जाईल. ऑटो बॅकअप बंद करा. ‘९० दिवसांपेक्षा जुनं पुसून टाक’ असा नियम असेल तर २०३८ चं घड्याळ बघून तो सगळे बॅकअप जुने ठरवून पुसेल. मुदतीचं लायसन्स असेल तर पुरवठादाराला विचारल्याशिवाय हात लावू नका, काही लायसन्स घड्याळ पुढे जाऊन मागे आलं की लबाडी समजून कायमची लॉक होतात. वेब पेजवर सर्टिफिकेट संपल्याची सूचना येईल, ती या चाचणीचं अपयश मानू नका. मग १९ जानेवारी २०३८, सकाळी ८:४० ही वेळ लावा आणि दहा मिनिटं अलार्म, ट्रेंड, शिफ्ट रिपोर्ट बघत बसा. पुन्हा ८:४० लावून पॅनल बंद करा आणि ८:५० नंतर चालू करा, कारण चालू असताना रेषा ओलांडणारं यंत्र बूट होताना अडकू शकतं. शेवटी एक नोंद रेषेच्या अलीकडची आणि एक पलीकडची घेऊन कालावधी काढायला लावा. काही एचएमआय (मशीनवरचे स्क्रीन) २०३७ च्या पुढचं साल स्वीकारतच नाहीत. तेही उत्तरच आहे, लिहून ठेवा. हा प्रयोग फोनवर मात्र नको. २०१६ मध्ये काही आयफोनवर १ जानेवारी १९७० ही तारीख लावली की फोन पुन्हा सुरूच होत नव्हता.

आणखी दोन तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरबाहेर लिहून ठेवा. नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या एनटीपीचा आकडा १९०० पासून मोजतो, तो ७ फेब्रुवारी २०३६ ला, गुरुवारी सकाळी ११:५८:१६ ला पुन्हा शून्यावर येतो. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा दर १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. तो एप्रिल २०१९ मध्ये आला होता, आता नोव्हेंबर २०३८ मध्ये येईल. जुन्या ट्रॅकरचे फर्मवेअर तेव्हा गाडी साडेएकोणीस वर्षं मागे नेऊन ठेवतात.

नवीन मशीन घेणार असाल तर परचेस ऑर्डरमध्ये एक ओळ घाला: डिस्पॅचपूर्वीच्या ट्रायलमध्ये १९ जानेवारी २०३८ ओलांडून दाखवणं, पॅनल बंद-चालू करून, आणि ट्रायल रिपोर्टवर सही. ‘साहेब, तोपर्यंत मशीन बदललेलं असेल’ असं विक्रेता म्हणेल. त्याला शेडच्या मागच्या बाजूचं सर्वात जुनं चालू मशीन दाखवा आणि नेमप्लेटवरचं साल वाचायला लावा.