मग चेकर कोण? (‘सहाचा भोंगा’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. ‘सहाचा भोंगा’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचून त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो होतो. पण तापलेल्या डोक्यानं लिहिलेलं दुसऱ्या दिवशी आपलंच आपल्याला वाचवत नाही, म्हणून आठवडा जाऊ दिला.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या पर्मनंट नोकरीचे मी उमाळे काढतो, पण फाउंड्रीत वाळूची धूळ खाऊन दमेकरी झालेले तुमचे वडील मला दिसत नाहीत. आजची पोरं मोबाईलवर हवं तेव्हा काम घेतात, कुणा सुपरवायझरच्या शिव्या खात नाहीत. तुमची बहीण खानापुरात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते, तिला इथल्या कुठल्या कारखान्यानं दारात उभं केलं असतं? आणि शेवटी, ‘तुम्ही टाइम ऑफिसात पंख्याखाली होता, म्हणून भोंगा गोड लागतो.’

पंख्याचं खरं आहे. मी हजेरीपुस्तक सांभाळलं, मग पंचिंगची कार्डं, मग अंगठ्याचं मशीन. मच्छे, पिरनवाडी, अनगोळकडून सायकलींची रांग यायची ती मी खिडकीतून बघायचो, तिच्यात नव्हतो. वडिलांबद्दल लिहिलंत त्यावर माझ्याकडे वाद नाही. बहिणीचा मुद्दाही मान्य, माझ्या लेखात बाई कुठेच नव्हती.

पण ‘हवं तेव्हा काम’ आणि ‘घरी बसून काम’ या नव्या गोष्टी आहेत असं म्हणालात, तिथं मला थांबवावं लागतं.

माझी मावशी निपाणीची. तिनं सारा जन्म वर्क फ्रॉम होमच केलं, घरी बसून विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं, पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीनं त्या मापाचं पान कापायचं. चिमूटभर तंबाखू, पान वळलं की दोरा, आणि तोंड नखानं दुमडायचं. बोलता बोलता हात चाललेले, बघायची गरजच नाही. हवं तेव्हा काम होतंच की! पहाटे चारला करा, रात्री अकराला करा, हजार विड्यांवर मजुरी. शाळेतून आलेली पोरंही तोंडं दुमडायला बसायची, ती कुठल्याच हिशोबात नसायची. त्या घरातल्या भाताला तंबाखूचा वास यायचा. सुट्टीत गेलो की पहिले दोन दिवस मला जेवण जात नसे.

बेळगावातल्या वडगाव-खासबागेतल्या मागवाल्यांचंही असंच. सूत व्यापाऱ्याचं, माग आपल्या घरात, विजेचं बिल आपलं, मजुरी साडीवर. म्हणजे कामाचे तुकडे करून तुकड्यावर पैसे द्यायची पद्धत आपल्या भागाला पणजोबांपासून ठाऊक आहे. उद्यमबागेतली महिन्याच्या पगाराची नोकरी हाच मधला थोड्या वर्षांचा अपवाद. तो अपवाद गेला म्हणून मी लेखात गळा काढला. तुम्ही म्हणता गेला ते बरं झालं. आपण दोघंही अर्धंच बघत होतो असं आता वाटतं.

आता भाच्याची गोष्ट. तो बेळगावातच तिलकवाडीत एका ॲपच्या जेवणाच्या डिलिव्हरीवर आहे. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या रेल्वे गेटपाशी फाटक पडलेलं, वरून धो-धो, पिशवीतलं जेवण गार झालं. गिऱ्हाईकानं तक्रार केली असावी. असावी म्हणतो, कारण नक्की काय झालं ते आजवर कळलेलं नाही. सकाळी उठून मला म्हणतो, “मामा, आयडी बंद पडलाय बगा.” मी म्हटलं, ऑफिसात जाऊन ये. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी कुठल्या जमान्यातला आहे. चॅटवर त्यानं तीनदा लिहिलं, तीनदा शब्दन् शब्द तेच उत्तर आलं. चौथ्या दिवशी आयडी आपोआप सुरू झाला. बंद का झाला नि सुरू का झाला, दोन्ही देवाला ठाऊक.

त्याच आठवड्यात निपाणीला गेलो होतो, मावशीला हे सांगितलं. तिला मोबाईलमधलं काही कळत नाही, पण हे लगेच कळलं. “म्हंजे छाट काढली त्याची,” म्हणाली. छाट तिला पाठ आहे. वळलेल्या विड्या कारखान्यात नेऊन दिल्या की चेकर मूठ-मूठ बघायचा आणि वाईट म्हणून बाजूला काढायचा, त्यांची मजुरी नाही. पुष्कळदा बाजूला काढलेल्या विड्याही मालकाकडेच राहायच्या. मग तिनं विचारलं, “पन चेकर कोन?”

मी गप्प बसलो.

माझा सगळा मुद्दा एवढ्यात आहे. मावशीच्या चेकरला तोंड होतं. सगळ्या बाया एका अंगणात माल द्यायला जमायच्या, कुणाची किती छाट निघाली ते एकमेकींना दिसायचं, आणि एखाद्या दिवशी पन्नास जणी मिळून त्याच्यावर ओरडायच्या. त्या अंगणातूनच संघटना झाल्या. घरी विडी वळणारीलाही कामगार मानणारा कायदा १९६६ चा, आणि पुढं छाट किती काढायची यालाही नियमांनी मर्यादा घातली. पाळली किती हा वेगळा विषय, त्यावर मावशी जे बोलते ते इथं लिहिण्याजोगं नाही. भाच्याला मात्र अंगण नाही. शेजारी गाडी लावून उभ्या असलेल्या पोराला त्याच अंतराचे किती पैसे मिळाले हेही त्याला विचारल्याशिवाय कळत नाही.

तुम्ही ‘सरकार काही करत नाही’ असंही एका ओळीत झटकलंत. तसं नाही. राजस्थाननं २०२३ मध्ये आणि कर्नाटकानं २०२५ मध्ये ॲपवरून काम करणाऱ्या या कामगारांसाठी कायदा केला. आपल्याकडच्या, म्हणजे कर्नाटकाच्या कायद्यात कंपनीनं कामगाराला दिलेल्या रकमेच्या १ ते ५ टक्क्यांपर्यंत कल्याण शुल्क भरायचं आहे, आणि कारण लेखी दिल्याशिवाय, चौदा दिवस आधी कळवल्याशिवाय कामावरून काढता येत नाही. भाच्याला हे सांगितलं तर म्हणतो, “मला काढलं कुठं, नुसतं बंद ठेवलं की.” आता बोला.

आणि सीमेचा घोळ आहेच. निपाणीचा पोरगा महाराष्ट्रात, कागल-कोल्हापुरात गाडी फिरवायला लागला की हा कायदा त्याच्या मागे जात नाही. महाराष्ट्रातल्या चंदगडचा पोरगा बेळगावात आला तर लागू. कुठल्या राज्यात राहायचं यावर आपण एवढी वर्षं भांडलो, कुठल्या राज्यात कामगार ठरायचं याचा विचार कुणी केला नव्हता.

बहिणीच्या कामाबद्दल मी वाईट बोलणार नाही. तिला एवढंच विचारा, तिचं काम कोण तपासतं हे तिला ठाऊक आहे का, आणि तिच्यासारख्या आणखी कुणाचा फोन नंबर तिच्याकडे आहे का. असेल तर माझी काळजी निम्मी कमी.

शिनोळीची चूक तुम्ही बरोबर पकडलीत. चंदगडकडची माणसं उद्यमबागेत येतात एवढंच मी लिहिलं होतं. बेळगावातून हद्द ओलांडून शिनोळीच्या एमआयडीसीत जाणारेही आहेत, ते राहून गेलं. मूळ लेखात भर घातली आहे.

वडिलांना नमस्कार सांगा. ते मोल्डिंगला (वाळूचे साचे करायला) होते की फेटलिंगला (ओतलेला माल घासून साफ करायला), आणि कुठल्या शेडमध्ये, तेवढं कळवा. आमच्याकडचे असतील तर हजेरीपुस्तकात त्यांचं नाव माझ्याच अक्षरात असेल.