रंगाचा मुहूर्त

नाशिककराला आपल्या शहराच्या हवेचा जेवढा अभिमान असतो तेवढा द्राक्षांचाही नसतो. मुंबईचा पाहुणा उंबरठ्यावर घाम पुसत उभा राहिला की त्याला पाणी देण्याआधी आम्ही हवा ऐकवतो, आणि “आमच्याकडे पूर्वी पंखासुद्धा लागत नसे” हे वाक्य आता एसी लावलेल्या खोलीत बसून म्हणावे लागते, याचे आम्हांला काही वाटत नाही. मीही हे वाक्य वर्षानुवर्षे म्हणत आलो. परंतु ज्याला हा अभिमान शाबूत ठेवायचा असेल त्याने प्लास्टिकच्या छोट्या मोटारींची किटे जोडण्याचा छंद लावून घेऊ नये. आणि घेतलाच, तर मोटार जोडून तशीच पांढरी ठेवावी, ती रंगवण्याच्या फंदात पडू नये.

माझ्या टेबलावर सध्या १९६६ सालची फोक्सवॅगन बीटल आहे. किट जपानच्या शिझुओका शहरातील तामिया कंपनीचे, प्रमाण एकास चोवीस. म्हणजे खरी चार मीटरची गाडी येथे सतरा सेंटिमीटरची होते. खोक्यावर ‘वय वर्षे चौदा आणि पुढे’ असे छापलेले असल्याने मी नियमात बसतो, तरी सरकारदरबारी ही वस्तू खेळण्यांतच मोडते. खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० मध्ये वीस टक्क्यांवरून साठ आणि २०२३ मध्ये सत्तर टक्के झाले, तेव्हा देशी खेळण्यांच्या उद्योगाला संरक्षण मिळाले हे उत्तमच झाले. मात्र त्या धोरणाची झळ एका पन्नाशीच्या गृहस्थाला सातपूरच्या एका फ्लॅटमध्ये बसेल याचा विचार कोणी केला नसावा. किमतीचा आकडा मी घरात सांगितलेला नाही.

जोडकाम सोपे असते. चौकटीला लटकलेले भाग कटरने सुटे करायचे, कडा घासायच्या, आणि ब्रशच्या टोकाने फटीत सिमेंट नावाचा पातळ द्रव सोडायचा. हे सिमेंट चिकटवत नाही, ते किटच्या प्लास्टिकला, म्हणजे पॉलिस्टायरीनला, विरघळवून दोन भागांचा एक भाग करते, त्यामुळे एकदा जमलेला सांधा पुन्हा सुटत नाही. चिमट्यातून निसटलेला आरसा सोफ्याखाली गेला तर तो शोधायला घरातील सर्वांनी गुडघ्यावर यावे लागते, एवढाच काय तो त्रास. खरा प्रसंग बॉडीच्या रंगाचा. आत इंजिन वाकडे बसले तर ते कोणाला दिसत नाही. बॉडीवरचा रंग मात्र दारातून आत येणाऱ्या दूधवाल्यालासुद्धा दिसतो. त्यातून बीटल ही गाडी अंगभर गोल. तिच्यावर कोठेही दिवा चमकतो आणि त्या चमकेत प्रत्येक खोट उघडी पडते.

हिशेब करून पाहिला तर छाती दडपते. खऱ्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण शंभर मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, भरते. तेवढाच थर माझ्या बीटलवर बसला, तर चोवीसपट करून तो खऱ्या गाडीवर जवळजवळ अडीच मिलिमीटरचा झाला, आणि दरवाजाच्या रेषा, हँडल, सगळे त्याखाली बुजले. हवेतला दोन दशांश मिलिमीटरचा कण ओल्या रंगावर बसला, तर खऱ्या बॉनेटवर ज्वारीचा दाणा चिकटवून त्यावरून रंग मारल्यासारखे दिसते. घरात ज्वारीच्या दाण्याएवढी धूळ नाही, असे कोणती गृहिणी म्हणेल? आमच्या घरात तर असे नुसते सुचवणेही अंगाशी येते.

या संकटात माझे सल्लागार म्हणजे तळमजल्यावरचे काका. ते एका वाहनकारखान्याच्या पेंट शॉपमधून निवृत्त झालेले आहेत आणि निवृत्त झाल्याचे त्यांच्या डोळ्यांना अद्याप कळलेले नाही. लग्नाच्या मांडवाबाहेर उभी असलेली सजवलेली गाडी पाहून लोक फुलांचे कौतुक करतात. काका खाली वाकून दाराच्या पत्र्यावरील ‘ऑरेंज पील’, म्हणजे रंगाला आलेला संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, बघतात. माझी बीटल पाहून ते हसतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी ती दोन बोटांनी उचलली, ट्यूबलाइटखाली तिरकी धरली आणि विचारले, “साहेब, बूथ कुठंय?”

बूथ म्हणजे रंग मारण्याची बंदिस्त खोली, आणि माझ्यापुरती ती म्हणजे आमचे न्हाणीघर. ते पाहून काका काही क्षण बोलले नाहीत. त्यांच्या कारखान्यात रंगखात्यात शिरण्यापूर्वी अंगावर हवेचे झोत घ्यावे लागत, धागे न सुटणारे कपडे घालावे लागत, आणि तेथे डिओडरंटला बंदी असे. कारण त्यातील सिलिकॉनचा अंश पत्र्यावर बसला की त्या जागी रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. हे ऐकल्यावर मी घरात डिओडरंटबंदी जाहीर केली. कॉलेजात जाणाऱ्या मुलाने “मग मी घरच सोडतो” असे सांगितले, आणि बंदी त्याच संध्याकाळी उठली. रंग मारून झाल्यावर काय करायचे ते सांगताना काका सवयीने म्हणाले, “मग एकशे चाळीस डिग्रीच्या ओव्हनला टाका.” प्लास्टिक शंभरच्या आसपासच मऊ पडते, हे आठवल्यावर त्यांनी खिन्नपणे मान हलवली.

आता हवेकडे वळतो. बाकीचे नाशिककर पावसाळ्यात गोदावरीचा पूर नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात. मी भिंतीवरील आर्द्रतामापकावरून माझी परिस्थिती मोजतो. काटा पासष्टच्या पुढे गेला की स्प्रेच्या डब्याला हात लावायचा नाही, हा माझा नियम. स्प्रेच्या लॅकर रंगातील द्रावक झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग थंड करतो, त्या गारव्यावर हवेतील बाष्प धरते आणि लालबुंद गाडीवर दुधाची साय आल्यासारखा पांढुरका थर चढतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत काटा पासष्टच्या खाली यायला तयार नसतो. आषाढ, श्रावण, भाद्रपद असे महिने घरातील इतर मंडळी सणांवरून ओळखतात, मी काट्यावरून.

मग थंडी येते, आणि तिच्याबद्दल नाशिककर आणखी बढाया मारतो. निफाडचा पारा घसरल्याची बातमी वाचताना त्याच्या चेहऱ्यावर जणू तो पारा स्वतः उतरवून आल्याचा भाव असतो. इकडे डब्यातील वायूचा दाब थंडीने उतरतो, आणि नळीतून रंगाचा फवारा न येता थुंकी येते. उपाय म्हणून डबा कोमट पाण्यात ठेवावा लागतो. परंतु सकाळच्या वेळी कोमट पाण्याच्या बादलीवर चार माणसांचा हक्क असताना तीत रंगाचा डबा तरंगताना दिसला, तर संसारात जे बोलले जाते ते येथे लिहिण्याजोगे नाही. उन्हाळ्यात याच्या उलट होते. रंग नळीतून निघाला की वाटेतच वाळतो आणि गाडीवर पोहोचतो तो भुकटी होऊन. त्यात आता २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात जिकडे पाहावे तिकडे खोदकाम, त्यामुळे खिडकी उघडली तर धूळ आणि बंद ठेवली तर द्रावकाने डोके धरलेले.

अशी सगळी गणिते मांडल्यावर वर्षात एकच फट उरते: कोजागरी झाल्यावर आणि दिवाळीच्या आधी. पाऊस परतलेला, थंडी अजून वेशीबाहेर. नेमक्या याच दिवसांत आमच्या घरी माळे रिकामे केले जातात आणि मागील दिवाळीपासूनची धूळ विधिपूर्वक हवेत सोडली जाते. यंदा मी पत्नीबरोबर तह केला: साफसफाई आधी, मग धूळ खाली बसू द्यायची, मग एका सकाळी न्हाणीघर माझे. गॅसचा गीझर बंद, कारण द्रावकाच्या वाफा आणि उघडी ज्योत यांची गाठ पडू देता येत नाही. म्हणजे त्या सकाळी आंघोळी उशिरा. ही अट मान्य करून घ्यायला मला पडदे धुऊन द्यावे लागले.

त्या सकाळी फरशीवर पाणी शिंपडून धूळ बसवली. भांड्यांच्या साबणाने धुतलेली बॉडी, साच्याचे तेल निघून कोरडी झालेली, अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या बाटलीच्या टोपणावर चढवली. बाजारी स्प्रेचा द्रावक प्लास्टिक खाऊ नये म्हणून करड्या प्रायमरचा पातळ थर आधीच दिलेला होता. मास्क लावला, डबा हलवला, आतील गोळी खडखडली. हात गाडीपासून वीतभर लांब. फवारा गाडीच्या अलीकडे हवेत सुरू करायचा, एकाच वेगाने पुढे न्यायचा आणि गाडी ओलांडून गेल्यावर सोडायचा. मध्ये थांबलात तर तेथे ओघळ. रंगाचे पहिले हात धुक्यासारखे, खालचा करडा रंग दिसत राहील असे. शेवटचा हात ओला, आणि तो देताना छतावर एक लाल चकाकी पसरत पुढच्या काचेच्या चौकटीपर्यंत आली व तेथे गुळगुळीत होऊन थांबली. दाराबाहेर मुलगा “झालं का?” म्हणून विचारत होता, तरी मी त्याच्या डिओडरंटसह त्याला माफ केले.

ओल्या रंगावर तत्काळ काहीतरी झाकणे आवश्यक असते, आणि आमच्या घरात बीटल मावेल व धूळ शिरणार नाही असा एकच डबा आहे: चिवड्याचा. तो मी धुऊन, पुसून, उलटा घातला. काकांनी आठवड्याने येऊन तपासणी केली, मागील चाकाच्या कमानीवर त्यांना एक डासाचा पाय सापडला, त्याभोवती त्यांनी खिशातील मेणाच्या पेन्सिलीने गोल काढला आणि ‘रीवर्क’ असा निर्णय दिला. दोन हजार नंबरचा पाणपेपर आणि मग रबिंग कंपाउंड, असे उपचारही सांगितले. पण त्यासाठी रंग पुरता वाळलेला असला पाहिजे. तो वाळला की नाही याची कसोटी सर्व छांदिष्टांत एकच आहे. नाक अगदी जवळ न्यायचे. वास आला तर कच्चा, नाही आला तर पक्का.

तोवर पोहे भाजून झाले होते आणि पत्नीला डबा हवा होता. मी परोपरीने समजावले. ती ऐकून घेत स्वयंपाकघरातून आली, डबा उचलला, जे नाक शेजारच्या घरातील आमटीत हिंग कमी पडल्याचे येथून ओळखते ते बीटलच्या छतापाशी नेले, डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला आणि डबा पुन्हा जागेवर ठेवला.

“कच्चा आहे अजून,” ती म्हणाली. “आणि अहो, चिवडा यंदा कुकरमध्ये भरते. भात तुम्ही पातेल्यात लावा.”