हार्ट अटॅकचं घड्याळ कंपनीच्या दवाखान्यातच सुरू होतं

नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगणा औद्योगिक भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘हार्ट अटॅकच्या गाइडलाइन्स मोठ्या हॉस्पिटलांसाठी आहेत. कंपनीच्या दवाखान्यानं ईसीजीत वेळ घालवू नये. सॉर्बिट्रेट जिभेखाली द्या, गाडीत बसवा, नागपूरला पाठवा. ईसीजी नॉर्मल असेल तर ॲसिडिटीच समजा.’ मी बुटीबोरीतल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात बसते. या मेसेजनं माणूस दगावू शकतो, म्हणून लिहितेय.

‘गाइडलाइन्स मोठ्यांसाठी’ हे साफ चूक. पेशंट पहिल्यांदा ज्या डॉक्टर-नर्सपुढे येतो, तिथपासून १० मिनिटांत ईसीजी निघायला हवा. आमच्याकडे तो पहिला टेबल गेटजवळचाच असतो.

‘ईसीजीत वेळ जातो’ म्हणे. उलट वाचतो. ईसीजीचा फोटो कार्डिओलॉजिस्टला गेला की गाडी वर्धा रोडवर असतानाच कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करायची खोली) तयार होते. १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी जमणार नसेल, तर हृदयाच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं, हेही त्या कागदावरूनच ठरतं. ईसीजीविना निघालेली गाडी आधी कॅथलॅब नसलेल्या हॉस्पिटलात जाते, मग पुन्हा दुसरीकडे.

आता ‘नॉर्मल म्हणजे ॲसिडिटी’. मे महिन्यात एक फिटर आला. सोबतचे म्हणाले, ऊन लागलं, पन्हं पाजलंय. घाम इतका की छातीवर इलेक्ट्रोड टिकेनात. टॉवेलनं पुसून पुसून लावले. पहिला ईसीजी स्वच्छ. पण डाव्या हाताची मूठ तो उघडझाप करत होता, म्हणून कॉटवरून उठू दिलं नाही. पंधरा मिनिटांनी परत काढला, तर व्ही२ ते व्ही४ या छातीवरच्या नोंदींत एसटी ही रेघ वर चढलेली, म्हणजे अटॅकची खूण. लक्षणं असतील तर ईसीजी पुन्हा पुन्हा काढायचा, हे गाइडलाइन्समध्येच आहे. ट्रोपोनिन ही हृदयाची इजा दाखवणारी रक्तचाचणीही सुरुवातीच्या तासांत निगेटिव्ह येऊ शकते.

सॉर्बिट्रेटनं कळ कमी होते, गुठळी जात नाही. बीपी कमी असेल, हृदयाच्या उजव्या बाजूचा अटॅक असेल किंवा चोवीस तासांत सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) घेतलं असेल, तर ते घातक. आधी ॲस्पिरिन ३०० मिग्रॅ, चावून. ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसल्याची खात्री करून. १९८८च्या आयसिस-२ अभ्यासात, १७ हजारांवर रुग्णांमध्ये, ॲस्पिरिननं पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारानं होणारे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटले.

आणि ‘गाडीत बसवा’ नकोच. पहिल्या तासात हृदयाची लय बिघडून माणूस जातो. कंपनीच्या जीपमध्ये शॉक द्यायचं मशीन नसतं. १०८ला फोन करा, डिफिब्रिलेटर असलेली ॲम्ब्युलन्स मागा.

पाचशेवर कामगार असतील तर कारखान्यात ॲम्ब्युलन्स रूम कायद्यानं सक्तीची आहे; आधी कारखाने कायदा, १९४८ प्रमाणे होती, आता त्याच्या जागी आलेल्या २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेप्रमाणे. तिथं ईसीजी मशीन नसेल, तर सेफ्टी कमिटीच्या पुढच्या बैठकीत लेखी मागणी करा.