'इथे' म्हणजे कुठे?

माइनक्राफ्ट हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांनी चालवलेल्या एका विकीवर, म्हणजे वाचकच लेख लिहितात-सुधारतात अशा वेबसाइटवर, मी फावल्या वेळात झाडलोट करतो. पगार नाही, चहासुद्धा नाही. परवा रात्री जागून क्रीपर नावाच्या गेममधल्या राक्षसाच्या लेखातल्या फाजील लिंका उपटल्या, सकाळी बघतो तर कुणीतरी सगळ्या परत चिकटवलेल्या. वर शेरा, 'वाचकांची सोय'. डोंबलाची सोय! 'गनपावडर'ला लिंक, पुढच्याच ओळीत पुन्हा 'गनपावडर'ला लिंक. 'मांजरा'ला लिंक ठीक आहे, क्रीपर मांजर दिसलं की पळतो. पण 'हिरवा' या शब्दाला? तो दाबला की निवडुंग भाजून मिळणाऱ्या हिरव्या रंगाच्या पानावर जाऊन पडतो माणूस. क्रीपरचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

त्याच तिरीमिरीत संध्याकाळी सीएसएमटीला ठाणा स्लो पकडली, चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवलं आणि मोबाइलवर पुन्हा उपटायला बसलो. शेजारचे काका हनुवटी जवळजवळ माझ्या खांद्यावर ठेवून वाचत होते.

"हे एवढं निळं काय हो?"

"लिंक, काका. दाबलं की दुसऱ्या पानावर जातं."

"मग माणूस वाचणार कधी?"

मला भरूनच आलं. म्हटलं, लेखात शब्द पहिल्यांदा येतो तिथे एकदा लिंक द्यायची, बास.

"आणि ही लाल?"

"ते पान अजून कुणी लिहिलेलं नाही. विषय लिहिण्याजोगा असेल तर लिंक राहू द्यायची, बघून कुणीतरी लिहितं."

"म्हणजे कोनशिला," काका म्हणाले. "आमच्याकडे नाट्यगृहाची आहे. मुलाच्या मुंजीच्या आधीची. मुलाला आता मुलगा झाला."

भायखळा गेलं. काका पेटले होते. "मी अजून व्हीटीच म्हणतो. तुमच्यात चालेल?"

"चालेल. जुन्या नावाचं पान नव्याकडे वळवता येतं."

"पण १९९६ला सीएसटी झालं, २०१७ला सीएसएमटी. मग?"

आता हा प्रश्न आमच्या विकीवर आजवर कुणी विचारलेला नाही! व्हीटीवरून सीएसटी, तिथून सीएसएमटी अशी साखळी लावली तर सॉफ्टवेअर एकाच उडीवर थांबतं आणि वाचक मधल्या पानावर ताटकळतो. प्रत्येक जुनं नाव थेट शेवटच्या नावालाच जोडायचं.

"अगदी!" काकांनी मांडीवर थाप मारली. माझ्या. "आणि दादरचं काय? तिथे एक नंबर प्लॅटफॉर्म दोन होते. एक पश्चिमचा, एक मध्यचा. ही एका एकवर, मी दुसऱ्या एकवर, मधे साखरपुडा चुकला."

एकाच नावाच्या दोन गोष्टी असल्या की लिंक नेमक्या पानालाच द्यावी, 'तुम्हाला यातलं कोणतं हवंय' विचारणाऱ्या पानावर वाचकाला सोडू नये, हे मी सांगणार होतो. पण काका २०२३च्या डिसेंबरवर पोचले होते. मध्यचे नंबर आठपासून सुरू केले, ते साखरपुड्याच्या आधी का नाही केले, असा त्यांचा सवाल होता. तो रेल्वेने घ्यावा. दादर आल्यावर ते उतरले, कोणत्या नंबरवर ते न बघता.

चिंचपोकळीच्या आत ज्यांना लिंक कळली असे ते काका, आणि वर्षानुवर्षं विकीवर बसूनही न कळलेला तो संपादक! रात्री त्याचाच निरोप आला: 'नवीन दिसता. नियम इथे वाचा. इथे पण. आणि इथे.' तीन निळे 'इथे'. कोणता कुठे नेतो, हे दाबल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळू नये. पहिले दोन एकाच पानावर गेले. तिसरा म्हणतो, आधी लॉगिन करा. मी लॉगिन केलेलाच होतो.