बंद पडणाऱ्या गाडीच्या नव्या मालकास

पेढे वाटून झाले असतील आणि चारही चाकांखालची लिंबं चिरडून झाली असतील, तर आता मुद्द्याकडे वळू. गाडी बंद पडते. भाषण लांबलं की मागच्या रांगेतला माणूस गुपचूप उठून जातो, तशी धावता धावता निघून जाते. स्टिअरिंग दगड होतं, डॅशबोर्डवर दिवाळी होते आणि मागचा टेम्पोवाला तुमच्या घराण्याचा उद्धार सुरू करतो.

घाबरू नका. गाडी घेताना जी अक्कल वापरलीत, तीच पुढे वापरायची आहे. तुम्ही रंग पाहिलात, सीट कव्हरं पाहिलीत, ‘डॉक्टरांची गाडी, सिंगल ओनर, फक्त घर ते दवाखाना’ ऐकून विरघळलात. चावी फिरवली की ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागावा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझावा, अशी पद्धत असते. तुमच्या गाडीत तो लागलाच नाही आणि तुम्हाला वाटलं, केवढी निरोगी गाडी! ट्रायल घेतलीत सकाळी साडेसातला, चौकापर्यंत आणि परत. थंड इंजिनवर तेवढं तर कुठलीही गाडी धावते.

आता बंद पडण्याचं. ती कधी बंद पडते, याची नोंद मुळीच ठेवू नका. तापल्यावर की थंड असताना, चढावर की सिग्नलला, टाकी भरलेली असताना की काटा तळाला टेकल्यावर, असलं वहीत लिहिणं म्हणजे मेकॅनिकच्या कामात लुडबुड. स्विच मारल्यासारखी गेली तर आधी करंट बघा, आचके देत गेली तर आधी पेट्रोल बघा, असं जुने फिटर सांगतात खरे. पण जुन्या फिटरांकडे एसी वेटिंग रूम नसते, तेव्हा त्यांचं किती मनावर घ्यायचं?

त्यापेक्षा पार्ट बदलायला घ्या, आणि सगळे एकदम. प्लग, कॉइल, फिल्टर, पंप. एकेक बदलत गेलात तर नेमकं काय बिघडलं होतं ते कळून जाण्याचा धोका असतो. बॅटरीच्या टर्मिनलला मात्र हात लावायचा नाही. त्यावर पांढरी-हिरवी बुरशी साठली असेल, दहा नंबरचा पाना आणि गरम पाण्यात चमचाभर सोडा एवढ्यात ती निघेलही. पण इतक्या फुकटात गाडी बरी झाली तर घरी काय तोंड दाखवणार? पेट्रोल कायम दोनशे रुपयांचंच टाका. पंप टाकीच्या आतच असतो आणि पेट्रोलमध्ये बुडून गार राहतो. त्याला उघडा पाडून भाजला, की दुसरा पंप घ्यायला आपण मोकळे.

सल्ले सगळ्यांचे घ्या. मेहुणा इथेनॉलला शिव्या घालेल, आत्या दृष्ट काढेल. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणतील, ‘कार्ब्युरेटरमध्ये कचरा आलाय.’ तुमच्या गाडीला कार्ब्युरेटरच नाही, हे सांगून त्यांचं मन मोडू नका. वय झालंय त्यांचं.

मग मे महिन्यात, भर दुपारी, सासूबाईंना मागे बसवून साताऱ्याला निघा. खंबाटकीच्या चढावर गाडी जाईल. बॉनेट उघडून दोन्ही हात कमरेवर ठेवा आणि आत बघत राहा. आत काय बघायचं असतं ते आजवर कुणालाच कळलेलं नाही, पण उभं तसंच राहायचं असतं. पंचवीस मिनिटांनी गाडी पहिल्या सेल्फला सुरू होईल. सासूबाई म्हणतील, ‘मी स्वामींचं नाव घेतलं.’ अशा वेळी क्रँक सेन्सरचा विषय काढणं बरं दिसत नाही. बोटाएवढी वस्तू. इंजिन फिरतंय, एवढंच ती कॉम्प्युटरला सांगत असते. तापली की आतली केसाएवढी तार सुटते, कॉम्प्युटरला वाटतं इंजिन थांबलं, आणि तो स्पार्क नि पेट्रोल दोन्ही बंद करतो. गार झाली की तार पुन्हा जुळते. स्वामींचा वेळ आणि तिचा वेळ एकच पडतो, इतकंच.

परत आल्यावर गाडी संध्याकाळी गॅरेजला सोडा. रात्रभर ती गार होईल. सकाळी मेकॅनिक सेल्फ मारेल, गाडी मांजरीसारखी गुरगुरेल आणि तो म्हणेल, ‘साहेब, गाडीत काहीच नाही.’ तुम्ही जनरल चेकिंगचे पैसे देऊन निघा. तापलेल्या गाडीला स्कॅनर लावायचा हट्ट धरू नका. पी०३३५ असा काहीतरी क्रँक सेन्सरचा कोड दिसायचा आणि चार महिन्यांची करमणूक एका दुपारी संपायची.

राहता राहिले कागद. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० ची घाई नको. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवावं, असं कायद्यात आहे. कायद्यात काय, बरंच काही असतं. गाडी जुन्या मालकाच्याच नावावर राहिली की घाटातल्या त्या पंचवीस मिनिटांचं ई-चलन त्याच्या मोबाईलवर जातं. व्यवहार झाल्यापासून तुमचे चौदा फोन न उचललेला तो सज्जन त्या दिवशी स्वतःहून फोन करतो. आधी चिडतो. मग तुम्ही बंद पडण्याचं सांगितलंत की एकदम मऊ होतो.

‘अहो, ते होय! उतरायचं, चहा घ्यायचा, अर्ध्या तासाने परत सेल्फ मारायचा. आम्ही तीन वर्षं तशीच चालवली. सांगायचं राहूनच गेलं बघा.’