बफेलोमार्गे निम्म्या तिकिटात मुंबई? त्या फॉरवर्डला उत्तर

नवरात्र सरलं की टोरांटो, ब्रॅम्प्टन, कॅल्गरीकडच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो: ‘कॅनडाहून मुंबई निम्म्या तिकिटात. विमान कंपन्या लपवतात त्या सात युक्त्या.’ यंदा तो मला चार ग्रुपांवर आला, आणि पाचव्यांदा थेट साताऱ्याहून सासूबाईंकडून. युक्त्या थोडक्यात अशा: मंगळवारी मध्यरात्री तिकीट काढा, ब्राउझरच्या इनकॉग्निटो (आपला माग न ठेवणाऱ्या) खिडकीत शोधा, व्हीपीएन लावून भारतात असल्याचं दाखवा, टोरांटो सोडून सरहद्दीपलीकडच्या, अमेरिकेतल्या बफेलोहून उडा, एका तिकिटाऐवजी दोन तुकड्यांत तिकीट घ्या, शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबा, आणि ओळखीच्या एजंटाला ई-ट्रान्सफर करून, म्हणजे बँकेतून थेट पैसे पाठवून, ‘नेट रेट’ (घाऊक भाव) मिळवा. सुरुवातीलाच एक वाक्य आहे, की कॅनडातून तिकीट महाग पडतं कारण कंपन्या आपल्याला लुटतात.

मी तिकिटांच्या धंद्यात नाही. पण चौदा वर्षं टोरांटोशेजारच्या मिसिसागात राहून वर्षाआड चौघांची तिकिटं काढते, नव्याने आलेल्या मुलामुलींनाही काढून देते. या सातांतल्या काही युक्त्या नुसत्या निरुपयोगी आहेत, पण काहींनी माझ्या डोळ्यांदेखत लोकांचे पैसे बुडवलेत. म्हणून मेसेजचा क्रम सोडते आणि जिथे नुकसान मोठं तिथून सुरू करते.

बफेलो. आमच्या बेसमेंटमध्ये नाशिककडचा एक मुलगा राहतो, वर्क परमिटवर आहे. मागे एकदा संध्याकाळी वर आला आणि म्हणाला, “काकू, काका मला शुक्रवारी बफेलो विमानतळावर सोडतील का?” बफेलो–न्यूयॉर्क–दिल्ली असं तिकीट त्याने काढलं होतं. मी विचारलं, “अमेरिकेचा व्हिसा कधी मिळाला तुला?” तो म्हणाला, “व्हिसा कशाला काकू, मी तिथे राहणार थोडाच आहे, नुसतं विमान बदलायचंय.” पासपोर्ट आणायला सांगितला. कॅनडाच्या व्हिसाच्या स्टिकरपुढची सगळी पानं कोरी. तिकीट परतावा नसलेलं होतं.

भारतीय पासपोर्टवर अमेरिकेत पाऊल टाकायला व्हिसा लागतोच, फक्त विमान बदलायचं असलं तरी. तिथे विमानतळाच्या आत थांबून पुढे जायची सोय नाही. व्हिसाविना ट्रान्झिटची जी योजना होती ती ऑगस्ट २००३ मध्येच बंद झाली. कॅनडाचं पीआर (कायम रहिवासाचं) कार्ड असून भागत नाही, स्टडी परमिट आणि वर्क परमिट तर नाहीच. शिवाय बफेलोला जायचं तर आधी गाडीने सरहद्द ओलांडायची, म्हणजे हा मुलगा विमानतळापर्यंत पोचलाच नसता, सरहद्दीच्या पुलावरच अडला असता. हाच नियम टोरांटोच्या पिअर्सन विमानतळाहून न्यूयॉर्कशेजारच्या न्यूअर्कमार्गे जाणाऱ्या तिकिटालाही लागू आहे, आणि शोधयंत्रं ते तिकीट स्वस्तात वर दाखवतात. तुमचा पासपोर्ट कुठला, हे ती विचारत नाहीत.

ज्यांच्याकडे कॅनडाचा पासपोर्ट आहे त्यांनी बफेलो जरूर पाहावं. फ्लोरिडाला मुलांना घेऊन जायचं असेल तर फरक पडतो, आम्हीही गेलोय. मुंबईसाठी मात्र दीडशे किलोमीटरहून जास्त ड्राइव्ह, पुलावरची रांग, तीन आठवड्यांचं पार्किंग आणि एक जादा विमान एवढं सगळं हिशोबात धरून पाहा. मेसेज ज्या ग्रुपांवर फिरतो तिथे निम्मे लोक भारतीय पासपोर्टवरचे आहेत, आणि त्यांच्यासाठी व्हिसाबद्दल त्यात अवाक्षर नाही. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

आता दोन तुकड्यांतलं तिकीट. ही चूक आम्हीच केली होती, एका डिसेंबरात. टोरांटो–दिल्ली एक तिकीट, दिल्ली–मुंबई दुसरं, वेगळ्या कंपनीचं. मध्ये साडेचार तास. दिल्लीत धुकं होतं, विमान उशिरा उतरलं. इमिग्रेशन, मग बॅगा, मग कस्टम्स, आणि देशांतर्गत काउंटरवर पोचलो तेव्हा चेक-इन बंद होऊन वीस मिनिटं झाली होती. काउंटरवरच्या मुलीने शांतपणे ‘नो-शो’ सांगितलं. तिच्या दृष्टीने आम्ही टोरांटोहून आलो होतो की करोलबागेतून, सारखंच होतं. नवी तिकिटं त्या दिवसाच्या भावाने घेतली. मग बॅगा काट्यावर चढल्या. कॅनडाहून येताना माणशी दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो, म्हणजे ४६. भारतात देशांतर्गत तिकिटावर साधारण १५ किलो मोफत. माणशी ३१ किलो जादा, चौघांचे १२४. धाकटी बॅगेवर बसून रडत होती आणि मी मेपल सिरपच्या बाटल्या बाहेर काढायचं मनात ठरवत होते. वाचवलेले पैसे तिथे गेले, वर आणखी गेले.

तेच टोरांटो–दिल्ली–मुंबई एका तिकिटावर असतं तर पुढचं विमान चुकल्यावर मुंबईपर्यंत पोचवणं ही कंपनीची जबाबदारी. बॅगेचं वजनही शेवटपर्यंत तेच धरलं जातं. कॅनडाहून निघणाऱ्या आणि कॅनडात येणाऱ्या प्रवाशांना २०१९ पासून हवाई प्रवासी संरक्षणाचे नियम लागू आहेत: कंपनीच्या हातातल्या कारणाने मुक्कामाला तीन तासांहून जास्त उशीर झाला, तर मोठ्या कंपनीने ४०० डॉलर, सहा तासांवर ७००, नऊ तासांवर १,००० द्यायचे. धुकं यात बसत नाही. पण ‘मुक्काम’ म्हणजे तिकिटावरचा शेवटचा थांबा, आणि तिकीट तोडलं की तुमचा मुक्काम दिल्लीच ठरतो.

युरोपात तोडलं तर आणखी एक पेच. पुढची कंपनी वेगळी, म्हणून बॅग स्वतः घेऊन पुन्हा द्यायची. बॅगेचा पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे असतो आणि ते ओलांडायला भारतीय पासपोर्टवर शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक) व्हिसा लागतो. थेट जोडतिकिटावर फ्रँकफर्टला विमान बदलणं आणि स्वतः तोडलेल्या तिकिटावर बदलणं या कागदोपत्री दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वस्तातल्या नव्या कंपन्यांच्या जोरावर हा बेत आखला तर तीही एक जोखीम आहे. टोरांटोहून युरोपला नेणारी प्रायमेरा एअर ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद पडली, वाव एअर मार्च २०१९ मध्ये. आपल्या लोकांच्या आवडीची जेट एअरवेज, जी अॅमस्टरडॅममार्गे मुंबईला न्यायची, तीही त्याच एप्रिलात थांबली. दोन तिकिटांतलं एक असं रद्द झालं तर दुसऱ्याचे पैसे कोणी देत नाही.

इनकॉग्निटोबद्दल जरा सविस्तर, कारण यावर अगदी शिकलेली माणसं विश्वास ठेवतात. ‘काल पाहिलं तेव्हा कमी होतं, आज परत उघडलं तर वाढलं, म्हणजे त्यांनी मला ओळखलं.’ वाढतं हे खरंय, पण कारण तुमचा ब्राउझर नाही. एकाच विमानातल्या इकॉनॉमीच्या जागा दहा-बारा भाववर्गांत वाटलेल्या असतात, प्रत्येक वर्गाला एक अक्षर. स्वस्त वर्गातल्या जागा संपल्या की पुढचा वर्ग दिसतो. दुसरं म्हणजे शोधयंत्रं काही वेळा थोडा जुना भाव साठवून दाखवतात. तुम्ही टिचकी मारता तेव्हा खरा भाव येतो. इनकॉग्निटोत शोधलं तरी या दोन्हीत काडीचा फरक पडत नाही.

यातून एक खरोखर उपयोगी गोष्ट मात्र निघते आणि ती मेसेजमध्ये नाही. चौघांचं तिकीट एकत्र शोधलं की चौघांनाही मावेल असाच वर्ग दाखवला जातो. समजा १,४५० डॉलरच्या वर्गात दोनच जागा उरल्यात आणि पुढचा वर्ग १,६२० चा आहे. चौघांचा शोध घेतला तर चारही तिकिटं १,६२० नी येतील. म्हणून आधी एकाचा, मग दोघांचा शोध घेऊन पाहा. भाव वेगळा आला तर दोन बुकिंगं करायची, ३४० डॉलर वाचले. फक्त प्रत्येक बुकिंगमध्ये एक मोठं माणूस आणि एक मूल ठेवा. विमान रद्द होऊन कंपनीने परस्पर दुसऱ्या विमानात बसवलं, तर दोन्ही बुकिंगं एकाच विमानात जातीलच असं नाही.

मंगळवार मध्यरात्रीचं लवकर आटपते. भाव आता दिवसातून अनेकदा बदलतात, आठवड्यातला ठरावीक वार कुठेही नाही. मंगळवार-बुधवारी उडणं मात्र शुक्रवार-शनिवारपेक्षा बहुतेकदा स्वस्त पडतं. ही खरी गोष्ट कोणीतरी उलटी ऐकली असावी. व्हीपीएनचंही तसंच. भाव मुख्यतः प्रवास कुठून सुरू होतो यावर ठरतो, तुमचा लॅपटॉप कुठे आहे यावर नाही. रुपयांत घेतलं तर कॅनडातली बरीच क्रेडिट कार्डं परकीय चलनाचे अडीच टक्के वर लावतात.

‘शेवटच्या आठवड्यात कवडीमोल’ हे कॅनडात खरं आहे, पण कशाबद्दल? कानकून, पुंटा काना, वराडेरो अशा सहलींच्या पॅकेजबद्दल. टूरवाल्यांनी हॉटेलच्या खोल्या आणि विमानाच्या जागा आधीच उचललेल्या असतात, त्या रिकाम्या जाण्यापेक्षा ते पडत्या भावाने विकतात. मुंबईच्या विमानात शेवटच्या आठवड्यात कोण तिकीट काढतं? ज्याचे वडील आयसीयूत आहेत तो. त्याला जावंच लागणार हे कंपनीला माहीत असतं. स्वस्त वर्गांना चौदा दिवस आधी, एकवीस दिवस आधी अशा अटी असतात, त्या तारखा उलटल्या की जागा रिकाम्या असूनही तो भाव मिळत नाही.

एजंटांबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. घाऊक भावाची तिकिटं खरंच असतात आणि भारताच्या मार्गावर ती काही वेळा संकेतस्थळापेक्षा स्वस्त मिळतात. चूक आहे ती ई-ट्रान्सफरमध्ये. क्रेडिट कार्डावर तक्रार करून पैसे परत मागता येतात. ई-ट्रान्सफर एकदा स्वीकारलं गेलं की सहसा गेलं. आमच्या ऑन्टारिओ प्रांतात तिकीट विकणाऱ्या एजंटाला टिको या संस्थेकडे नोंदणी बंधनकारक आहे. नोंदलेल्या एजंटाचं दिवाळं निघालं तर तिच्या भरपाई निधीतून माणशी ५,००० डॉलरपर्यंत मागता येतात. नाव त्यांच्या संकेतस्थळावर मिनिटात तपासता येतं. आणि एजंटाने सहा अक्षरांचा पीएनआर पाठवला म्हणजे तिकीट निघालं असं समजू नका. ते फक्त आरक्षण असू शकतं, पैसे न भरल्यास आपोआप गळून पडणारं. निघालेल्या तिकिटाला तेरा आकडी क्रमांक असतो, पहिले तीन आकडे कंपनीचे: एअर कॅनडाचे ०१४, एअर इंडियाचे ०९८. तो मागून घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः उघडून पाहा.

राहिला ‘लुटतात’ हा आरोप. महाग पडतं, नाकारत नाही. पण कारणं मोजता येतात. कुठल्या देशाच्या कंपन्यांनी कॅनडात आठवड्याला किती विमानं आणायची हे दोन सरकारांच्या करारावर ठरतं. २०१० मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या कंपन्या आठवड्याच्या सहा फेऱ्यांवर अडल्या होत्या. वाढवून मागितल्या, कॅनडाने दिल्या नाहीत, आणि भांडण इतकं वाढलं की अमिरातीतला कॅनडाचा लष्करी तळ बंद झाला. भारताबरोबर आठवड्याला ३५ फेऱ्यांची मर्यादा होती, ती नोव्हेंबर २०२२ च्या करारात उठली. पण भारतातल्या सहाच शहरांसाठी, त्यात मुंबई आहे, पुणे नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत कॅनडाच्या विमानांना रशियाचं आकाश बंद झालं आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना पाकिस्तानचं, म्हणजे वळसा आणि इंधन दोन्ही वाढलं. वर इथले मोठे विमानतळ केंद्र सरकारला जमिनीचं भाडं देतात, ते तिकिटातल्या विमानतळ शुल्कातून आपल्याकडूनच येतं. हवाई सुरक्षेचा आकारही मे २०२४ पासून आंतरराष्ट्रीय प्रवासाला ३४.४२ डॉलर झाला. यातलं काहीही ब्राउझरची खिडकी बदलून कमी होत नाही.

कमी होतं ते तारखेने. डिसेंबरात नाताळाच्या तोंडावर इथल्या शाळा सुटतात आणि सगळे एकदमच निघतात. त्याच जागेचा भाव फेब्रुवारीत कितीतरी उतरतो. ऑगस्टअखेर विद्यार्थ्यांची गर्दी भारतातून इकडे येते, त्याच्या उलट दिशेने, लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) उलटल्यावर निघालं तर विमानं तुलनेने मोकळी असतात. सासूबाईंना मी फोनवर हेच समजावलं. त्यांनी तो मेसेज पाठवला होता कारण डिसेंबरात आम्ही येणार नाही म्हटलं होतं, आणि अडचण पैशांची आहे हे त्यांनी ओळखलं होतं. २०२६ मध्ये गणपती १४ सप्टेंबरला आहेत. मुलांची शाळा तेव्हा नुकती सुरू झालेली असेल, त्यामुळे धाकटीला घेऊन मी एकटी जाईन आणि थोरला वडिलांबरोबर इथे राहील. तिकिटाचा भाव उतरला की कळवणारा इशारा लावून ठेवलाय: टोरांटो–मुंबई, मंगळवार ८ सप्टेंबर, एकाच तिकिटावर. “बरं,” सासूबाई म्हणाल्या, “पण थोरल्याला का नाही आणत?”