आरएनएच्या एका इंजेक्शनने कॅन्सर विरघळतो? फॉरवर्ड वाचण्याआधी हे वाचा

नागपुरातल्या ग्रुपांवर फिरणाऱ्या संदेशाचा गोषवारा असा: आरएनएच्या (पेशीत जनुकांचा संदेश वाहणाऱ्या रेणूच्या) ‘नॅनोबॉट’चे एक इंजेक्शन कॅन्सरच्या पेशी हुडकून विरघळवते, आरएनए शरीरातलाच असल्याने अपाय होत नाही, रक्ताच्या एका थेंबात कोणताही कॅन्सर कळतो, मग बायोप्सी आणि किमो कशाला? यामागचे विज्ञान खरे आहे. म्हणूनच माणसे फसतात.

आधी ‘नॅनोबॉट’चे बघू. त्यात यंत्र नसते. फाय-२९ नावाच्या विषाणूच्या आरएनएमधला तीन फाट्यांचा सांधा संशोधक पेइशुआन ग्वो यांच्या गटाने २०११ मध्ये कणाचा गाभा म्हणून वापरला. १६ ते २० न्यूक्लिओटाइडचे (आरएनएच्या सुट्या घटकांचे) तीन धागे सारख्या प्रमाणात मिसळायचे, तापवून हळूहळू थंड करायचे, की ते आपोआप जुळतात. एका फाट्याला पेशी ओळखणारा रेणू, दुसऱ्याला जनुक बंद पाडणारा तुकडा. प्रमाण चुकले की जेलवर (रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या तपासणीत) एका पट्टीऐवजी तीन-चार दिसतात, म्हणजे अर्धवट जुळलेला माल. साधा आरएनए रक्तात मिनिटांत तुटतो, म्हणून सी आणि यू या घटकांवर फ्लोरीन बसवावा लागतो. पाच-सहा नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंड गाळून टाकते, मोठे कण यकृत आणि प्लीहा धरून ठेवतात.

एवढे करून कण गाठीपर्यंत पोहोचला तरी खरी अडचण पुढेच आहे. पेशी त्याला एका पिशवीत घालून गिळते. त्या पिशवीतून बाहेर पडला नाही तर तो तिथेच पचतो. चरबीच्या कणांतून दिलेल्या आरएनएवरच्या प्रयोगांत जेमतेम एक-दोन टक्केच बाहेर पडल्याचे दिसले आहे. उंदरांवरचे निकाल आशादायक आहेत, पण अशा आपोआप जुळणाऱ्या कणांचे एकही कॅन्सरचे औषध अजून मान्यता मिळून बाजारात आलेले नाही.

‘शरीरातलाच, म्हणून निर्धोक’ हा दावा तर सरळ चूक आहे. बाहेरून आलेला आरएनए म्हणजे विषाणूची खूण, असे समजूनच आपली प्रतिकारशक्ती वागते. ताप येतो, दाह भडकतो. एमआरएक्स-३४ हे सूक्ष्म-आरएनएचे (जनुकांवर नियंत्रण ठेवणाऱ्या छोट्या आरएनएचे) औषध चरबीच्या कणांतून कॅन्सरच्या रुग्णांना दिले गेले. प्रतिकारशक्तीच्या गंभीर प्रतिक्रियांमुळे २०१६ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. चार रुग्ण दगावले.

रक्ताचा थेंब. मिआर-२१ हा सूक्ष्म-आरएनए अनेक कॅन्सरमध्ये वाढतो, पण साध्या दाहातही वाढतो. तो दिसला म्हणजे कॅन्सर, आणि अमुकच अवयवाचा, असे ठरत नाही. शिवाय नमुना नाजूक. रक्त गोठू न देणारे ईडीटीए असलेली नळी लागते, कारण तेच काम करणारे हेपॅरिन पीसीआर या तपासणीतले विकर (एन्झाइम) अडवते. दोनेक तासांत प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना द्रव) वेगळा करावा लागतो. मे महिन्यात ४५ अंशांत नळी डिकीत ठेवून सेंटरवर नेली आणि लाल पेशी फुटल्या, तर त्यांच्यातले मिआर-१६ आणि मिआर-४५१ हे सूक्ष्म-आरएनए प्लाझ्मात उतरतात आणि मोजमाप बिघडते. प्लाझ्मा गुलाबी दिसला तर तो नमुना टाकून द्यायचा. बोटाला टोचून पिळलेल्या थेंबात हा धोका आणखी वाढतो.

राहिली बायोप्सी. खर्ऱ्यामुळे (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणामुळे) आपल्या विदर्भात तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण फार आहेत, म्हणून या शेवटच्या दाव्याचीच आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते. जखम तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा-लाल चट्टा दिसला, तोंड पूर्वीइतके उघडेना, तर मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात दाखवा. जागा बधिर करून जखमेच्या कडेचा छोटा तुकडा घेतात. मधला भाग बहुधा मेलेला असतो, त्यातून निदान निघत नाही. बायोप्सीने कॅन्सर पसरतो या गैरसमजाने महिनोन्‌महिने थांबलेल्या रुग्णाची गाठ मानेत उतरते, आणि जी शस्त्रक्रिया लहान झाली असती ती जबडा काढण्यापर्यंत जाते.

कोणी ‘आरएनए थेरपी’ देऊ केली तर सीटीआरआयचा (भारतातल्या औषध-चाचण्यांच्या नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागा आणि तो संकेतस्थळावर स्वतः तपासा. नैतिक समितीची मंजुरी आणि मराठीतले संमतीपत्र दाखवायला सांगा. चाचणीतल्या औषधाचे पैसे मागितले, तर सही न करता उठा.